अठ्ठावीस डबे

३ मार्च, सोमवार

गाडी मेली. समोरच्या पडद्यावर लाल त्रिकोण आला, त्यात उद्गारचिन्ह. एवढंच. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लेखकांची हजारो उद्गारचिन्हं खोडली. हे एक काही खोडता येईना.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.

४ मार्च, मंगळवार

सांगितलं. ही म्हणाली, "बरं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मला वाटलं होतं, रडेल.

सप्टेंबरच्या शेवटी ही फिट येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं – सहा महिने गोळ्या, सहा महिने गाडी बंद. २८ मार्चला तपासणी आहे. सगळं नीट निघालं तर पुन्हा चालवायला परवानगी. या घरात गाडी चालवते ती हीच. मी कधी शिकलो नाही. लग्नानंतर एकदा प्रयत्न केला, सासऱ्यांचं फाटक पाडलं, विषय संपला. तेव्हापासून मला छापखान्यात सोडायचं, लेकीला शाळेत सोडायचं, मग स्वतः टेलिफोन ऑफिसात जायचं, असा हिचा क्रम. मी शेजारी बसून दुकानांच्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्याने वाचायचो. एकतीस वर्षं!

स्टिअरिंग हातात असलं की हिचा चेहराच वेगळा असतो. समजा, २८ तारखेला डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या आणि खाली गाडीच मेलेली असली, तर? तो चेहरा मला बघवणार नाही. चोवीस दिवस आहेत.

६ मार्च, गुरुवार

बसने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. टाय लावलेला एक मुलगा भेटला. ही गाडी अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर; मागच्या सीटखाली मोठी बॅटरी असते, ती बसली की सगळंच बसतं, असं त्याने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दुरुस्त करत नाहीत, बदलतात. तेरा वर्षांची गाडी, मॉडेल बंद झालेलं, नवी बॅटरी यायला बारा आठवडे. मी म्हटलं, माझ्याकडे तीन आहेत. तो हसला नाही.

गाडी किती दिवस उभी होती, हे त्याने विचारलं. पाच महिने, पण दर रविवारी मी वीस मिनिटं चालू ठेवत होतो, असं मी जरा ऐटीतच सांगितलं. कशी चालू करत होतात? बटण दाबून. ब्रेकवर पाय ठेवून?

ब्रेकवर पाय नसेल तर नुसते दिवे लागतात म्हणे. म्हणजे पाच महिने दर रविवारी मी बंद गाडीत बसून रेडिओ ऐकत होतो. ही गाडी आवाज करत नाही हे मला ठाऊक होतं, त्यामुळे शंकासुद्धा आली नाही.

हे हिला सांगणार नाही.

८ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. बाबा, विकून टाका, आईला टॅक्सीने फिरू दे. मी म्हटलं, आईची गाडी आहे. ती म्हणाली, "आईला विचारलंत का?"

विचारायचं काय त्यात!

११ मार्च, मंगळवार

माणूस मिळाला. समोर राहणाऱ्या टॅक्सीवाल्याने पाठवला. पूर्वी घरांचं वायरिंग करायचा म्हणून त्याला सगळे अजून वायरमनच म्हणतात. आता टॅक्सीवाल्यांच्या याच बॅटऱ्या उघडतो. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. आल्या आल्या मागची सीट काढली, आतून एक नारिंगी प्लग उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"हा माझ्या खिशात आहे तोवर तुम्ही जिवंत आहात," तो म्हणाला. "तरी नारिंगी वायरला हात नको."

मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले ते तासाभराने बाहेर काढले.

त्याचं म्हणणं असं – सगळी बॅटरी क्वचितच जाते. आत अठ्ठावीस सेल असतात, त्यातले दोन-चार जातात आणि बाकीच्यांना घेऊन बुडतात. ते दोन-चार शोधायचे, त्यांच्या जागी दुसऱ्या मोडक्या गाड्यांतले चांगले घालायचे. पंधरा दिवस लागतील. मी म्हटलं, सतरा आहेत. म्हणाला, मग काय, चैन आहे.

१२ मार्च, बुधवार

वायरमन सेल म्हणतो, मी डबे म्हणतो. शब्दकोशाच्या खंडाएवढे, काळे, पाठीला पाठ लावून ठेवलेले. हवा आत ओढणारा पंखा फोलपटांनी आणि केसांनी बुजलेला. त्यातले बरेच केस माझे असावेत. डोक्यावर तर आता नाहीत.

खाली पार्किंगमध्ये वीज नाही, म्हणून सगळे डबे वर आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. वायरमनने पांढऱ्या पेनाने प्रत्येकावर नंबर घातले. एकेक डबा भरायचा, मग त्याला मोटारीचा दिवा जोडून रिकामा करायचा, किती व्होल्टवर येतो ते बघायचं. तो वाचणार, मी लिहिणार. त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. माझं अक्षर बघून म्हणाला, छापल्यासारखं आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ही मीठ कुठे ठेवू म्हणून विचारत होती. वायरमन म्हणाला, ठेवा बाराच्या शेजारी.

१३ मार्च, गुरुवार

ओट्याशी उभं राहून जेवलो. ही भराभर जेवून भांडी घासायला लागली. तिलाही घाई झाली असणार.

१५ मार्च, शनिवार

तीन दिवस डबे भरणं आणि रिकामे करणं. वायरमन ओरडतो, "सात सहा." मी म्हणतो, सात पूर्णांक सहा. तो म्हणतो, तेच ते.

दुपारी निकाल लागला. वायरमन जोरात म्हणाला, "तीन गेले!" आतून ही पीठभरल्या हातांनी धावत आली – कोण गेलं? सांगितल्यावर क्षणभर उभी राहिली आणि परत गेली. गोळ्यांमुळे हल्ली सुस्त असते. गाडी हातात आली की सुधारेल.

१७ मार्च, सोमवार

आज काम नाही, डबे भरताहेत. लिहून टाकतो.

ती पडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि मला आमचा पत्ता सांगता येईना. जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते दुरुस्त केले, आणि स्वतःच्या घराचा नंबर आठवेना. चाळीस मिनिटं लागली त्यांना. शेजारी कोणी नव्हतं. गाडी खाली उभी होती. किल्ली खिळ्याला होती. गाडी चालवणारी फरशीवर पडली होती.

मला अजून भीती वाटते. दिवसातून दहा वेळा मी उगाच स्वयंपाकघरात डोकावतो आणि पाणी पितो. किती पाणी पिणार माणूस!

१९ मार्च, बुधवार

जोडणी. मला हिच्याबरोबर रक्ततपासणीला जायचं होतं, दोन बस बदलून. म्हणून वायरमनसाठी चिठ्ठी लिहून ठेवली: 'बदलायचे डबे – १, ४, २४.' दोनदा तपासली. परत आलो तेव्हा बॅटरी गाडीत बसलेली होती. वायरमनने खिशातला प्लग जागेवर लावला, ब्रेक दाबून बटण दाबलं.

लाल त्रिकोण.

२० मार्च, गुरुवार

त्रिकोण.

वायरमनचा चेहरा उतरला. म्हणाला, मी आणलेले तीनच फुसके निघाले असणार. त्याने मनाला फारच लावून घेतलं. चहासुद्धा नको म्हणाला.

सगळे डबे पुन्हा टेबलावर.

२२ मार्च, शनिवार

चूक सापडली. वायरमनने आणलेले तिन्ही डबे ठणठणीत निघाले. पण गेलेले तीन अजून आतच होते! मग त्याने काढले तरी कुठले? त्याने माझी चिठ्ठी पुढे केली आणि बोट ठेवून वाचली: "नऊ. आठ. अठ्ठावीस."

मी चिठ्ठीकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. त्याने डब्यांवर इंग्रजी आकडे घातलेले, आणि मी जन्मभर लिहितो तसे मराठी लिहिलेले. माझा १ त्याचा नऊ. माझा ४ त्याचा आठ. माझा २४ त्याचा अठ्ठावीस. नेमके तिन्ही आकडे असे, की दुसऱ्या लिपीतही अठ्ठाविसाच्या आतच बसावेत. एखादा १४ असता तर त्याने अठ्ठ्याण्णव वाचून विचारलं तरी असतं.

चिठ्ठीत चूक एकही नव्हती. शुद्ध होती. फक्त वाचणाऱ्याला वेगळंच सांगत होती.

वायरमन म्हणाला, शाळेत सगळं इंग्रजीतच होतं हो काका. मी म्हटलं, चूक माझी. चौतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं असेन. ही दारात उभी होती. इतकी हसली, इतकी हसली, की भिंतीला धरून खाली बसली. मी आधी घाबरलोच. मग कळलं की नुसती हसतेय. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

आमचे आठ, नऊ आणि अठ्ठावीस वायरमनच्या भंगाराच्या पोत्यात सुखरूप मिळाले. आता तेच एक, चार आणि चोविसाच्या जागी जायचे.

२४ मार्च, सोमवार

त्रिकोण गेला!

(उद्गारचिन्ह ठेवतो.)

वायरमनने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. अजिबात आवाज नाही, आणि चालतेय. ही वर खिडकीत उभी राहून बघत होती. मी खालून हात केला. तिने पडदा नीट केला आणि आत गेली. डोळे भरून आले असतील.

वायरमनला माझं फाउंटन पेन दिलं. म्हणाला, मी काय लिहिणार याने. मी म्हटलं, आकडे.

२५ मार्च, मंगळवार

गाडी पुसली. आतूनही.

२७ मार्च, गुरुवार

उद्या तपासणी. मला झोप येणार नाही. ही घोरते आहे.

२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या! सगळं स्वच्छ आहे. गोळ्या वर्षभर चालू ठेवायच्या, गाडी चालवायला हरकत नाही. त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. 'हरकत'मधला ह जरा ह नव्हता, पण सोडून दिलं. मी त्यांना अठ्ठावीस डब्यांची सगळी गोष्ट सांगितली. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता. ही माझी बाही ओढत होती.

बसमध्ये हिने खिडकीची जागा घेतली आणि डोळे मिटले. मी म्हटलं, उद्या सकाळी! ती म्हणाली, बघू.

२९ मार्च, शनिवार

हे कसं लिहावं कळत नाही. जसं झालं तसंच लिहितो.

सकाळी नवाला खाली गेलो. मी किल्ली हिच्या हातात दिली. हिने दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसली. माझ्या सीटवर. किल्ली मांडीवर ठेवली, पट्टा लावला.

मी बाहेर उभा. चुकून झालं असेल म्हणून थांबलो. ही समोर बघत बसलेली. चालवणाऱ्याच्या जागेवर बसायची माझी काही छाती होईना, मग मी मागे बसलो. पुढच्या दोन्ही सीटांवर मिळून एकच माणूस, मागे मी, आणि गाडीला चालवणारा नाही. असे आम्ही दहा मिनिटं बसलो. समोरचा टॅक्सीवाला टॅक्सी पुसता पुसता थांबून आमच्याकडे बघत होता. शेवटी मी विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, बरं वाटतंय, छान आहे. मग आम्ही वर आलो आणि चहा घेतला.

भीती बसली असणार तिच्या मनात. साहजिक आहे. फिटचा धसका सहजासहजी जात नाही. धीर द्यायला हवा. घाई करायची नाही.

३० मार्च, रविवार

धीर द्यायला गेलो. म्हटलं, भीती वाटते ना? ही म्हणाली, "भीती नाही हो. कंटाळा आलाय. एकतीस वर्षं सगळ्यांना मी नेते आहे. मला एकदा कोणीतरी कुठेतरी न्यावं."

मी खिळ्यावरची किल्ली काढली, परत अडकवली. मग म्हटलं, मी शिकतो. तू शेजारी बसून शिकवशील?

नाही म्हणाली. क्लास लावा. नीट यायला लागलं की सांगा, मी येऊन बसेन.

कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आलो. उद्या सकाळी सातला बोलावलंय.