काश्यप गोत्राची अमेरिकन गाडी

२९ सप्टें., सोम.
गॅरेजमधली लाल अमेरिकन स्पोर्ट्स कार एकदाची तयार. सत्तर सालची, दोन दारं, लांबलचक नाक. इथे दुबईशेजारी अजमानला आली तेव्हा नुसता गंजका सांगाडा होता. रंग वसईच्या अँथनीकाकांचा, त्यात तोंड दिसतं. जाहिरातीचे फोटो मी काढले. बॉस म्हणाला, "ये बिक गई तो तू छूटा." म्हणजे मी मोकळा, रास अल खैमाला, डोंगरातल्या कॅम्पवर नव्या नोकरीला. पंधराला हजर व्हायचंय. एका जागी इतका कधी टिकलो नव्हतो. पाय वळवळतायत.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
बॉस बाहेर. हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा उरकली. हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. मालकाचं नाव घ्यायची वेळ आली. बॉस पठाण, त्याचं कसं घेणार? माझंच घेतलं. गोत्र माहीत नाही, काश्यप ठोकून दिलं. लिंबांवरून गाडी मीच काढली. इंजिन असं घुमलं की...
अँ.काका: "येड्या, विकायची गाडी स्वतःच्या नावानं पुजलीस?"
मी हसलो. ते नाही.

५, रवि.
दुबईचा डॉक्टर बघायला आला. त्यानं चावी फिरवली, ढिम्म. मी बसलो, लगेच सुरू. तो बसला, परत ढिम्म. "मजाक है क्या?" म्हणून निघून गेला. बॅटरी नवी. मेकॅनिकनं सगळं उघडून बघितलं. सब बराबर.

८, बुध.
बॉसच्या हातूनही सुरू होत नाही. फक्त माझ्या.
जेवून बाकावर डुलकी लागली. उठलो तर गाडीचं नाक माझ्याकडे. सकाळी भिंतीकडे होतं. कोणी हलवली? सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

११, शनि.
अँ.काकांना विचारलं, सोडवायची कशी? "मला काय विचारतोस, तुमची पूजा. आईला फोन लाव."
आई म्हणाली, हात ठेवून सांग तिला, जा बाई आता.
सांगितलं. बॉनेटवर हात ठेवून, लाज वाटत होती तरी. गाडी बंद, आत कोणी नाही. समोरची काच आतून धुरकटली, कोणी जवळून श्वास सोडावा तशी.

१३, सोम.
एक म्हातारा अरब आला. चावीला हातच लावला नाही. आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बॉसला म्हणाला, "दोनो लेगा."
बॉस हसला. "खलास! बिक गई!" उद्या पोचवायची. अर्थात मीच.

१४, मंगळ.
पोचवली. म्हाताऱ्याच्या आवारात, खजुराच्या सावलीत. चावी दिली तर त्यानं माझी मूठ मिटून परत केली आणि ओट्यावर जाऊन बसला. भांडायला कुठे थांबू? सॅक उचलली, सरळ फाटकाबाहेर.
मागे इंजिन सुरू झालं.
वळून बघितलं. म्हातारा ओट्यावरच. गाडीत कोणी नाही. चावी माझ्या मुठीत.
स्टॉपवर बसून लिहितोय. एक बस सोडली. दुसरी येताना दिसतेय. इंजिन अजून चालूच आहे, आणि चावी गरम होत चाललीय