थर्मनची टाळी

शिकागो, ऑक्टोबर १९७२

ती. आयडेलाताईस,

धाकट्या ओडेसाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मिसिसिपीत गारवा पडला का? कोंबड्या अंडी देतात की नुसत्याच खातात? आणि तुमचे पाद्रीबुवा अजून बरोबर चिकन तळायच्या वेळेलाच विचारपूस करायला येतात का? इकडे आम्ही सगळे प्रभूच्या कृपेने ठणठणीत आहोत. म्हणजे शरीराने. एरवी गेल्या शनिवारपासून मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसते आणि कशाला बसले होते ते विसरते. सांगते सगळं, पण तू आधी बस. हे उभ्याने वाचण्यासारखं नाही.

मुलांनी पर्व्हिससाहेबांची रेकॉर्ड कंपनी सोडली, हे तुला माहीत आहेच. (कंपनी म्हणजे काय, त्यांचं कपडे धुऊन इस्त्री करायचं दुकान. मागच्या खोलीत रेकॉर्डिंग, आणि कपडे टांगायच्या दांडीला लटकवलेला एक मायक्रोफोन. आमच्या जुन्या रेकॉर्डवर हळव्या जागी जो सुस्कारा येतो, त्याला लोक अर्नेस्टीनची कला म्हणतात. ती इस्त्रीची वाफ आहे.) त्या एका मायक्रोफोनभोवती माझी चारही लेकरं खांद्याला खांदा लावून उभी राहायची. आणि तोंड उघडण्याआधी त्यांच्या बापाचा, आमच्या अमोसचा, नियम: मनात अढी असेल तर आधी हात मिळवा, मग सूर लावा. अमोस गेला, नियम राहिला. एकदा चवळीच्या शेवटच्या वाढीवरून भांडण झालं, तर सगळं दुकान खोळंबलं. गिऱ्हाइकं आपापले कोट मागत उभी होती. शेवटी हार्वेलने बहिणीची माफी मागितली तेव्हा टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

नव्या कंपनीत दुकान नाही. काचेची खोली आहे. तिथे एका वेळी एकच माणूस गातो, ताई. कानांना डबे लावून, भिंतीकडे तोंड करून. लुट्रेल सोमवारी, अर्नेस्टीन गुरुवारी, धाकटे हार्वेल आणि जूना जमेल तेव्हा. मग प्रेसकॉट नावाचे जांभळ्या पॅन्टचे एक गोरे गृहस्थ यंत्रावर चौघांना एकत्र आणतात. (मला सारखे 'आई' म्हणतात. मी विचारलं, बाळा, तुझी स्वतःची कुठे हरवली?) मी त्यांना म्हटलं, समोर कुणी नसताना पोरगं गाण्यातलं उत्तर कुणाला देणार? ते म्हणाले, 'आई, उत्तर आम्ही नंतर भरतो.' मला वाटलं, चेष्टा करतायत. नव्हते करत.

आणि नेमकी हीच सोय माझ्या थोरल्या दोघांच्या पथ्यावर पडली, कारण ईस्टरपासून लुट्रेल आणि अर्नेस्टीन यांचं बोलणं बंद होतं. कारण थर्मन. थर्मन बिग्ज, अर्नेस्टीनचा होणारा नवरा. बापाचा अंत्यविधीचा धंदा आहे, त्यातच हा. मुलगा सोन्यासारखा. दार आवाज न करता लावतो, म्हाताऱ्या माणसांना कोपराला धरून जिना उतरवतो. (जरा लवकरच धरतो असं मला वाटतं, पण ती धंद्याची सवय असावी.) एकच खोट. चार मात्रांच्या तालात तो टाळी एकवर आणि तीनवर वाजवतो. तुला काय सांगायचं, आपल्यात रांगतं मूलसुद्धा दोनवर आणि चारवर वाजवतं. शब्द पडू द्यायचा, मग टाळी. थर्मन शब्दाच्या डोक्यावरच हाणतो, कवायतीतल्या शिपायासारखा. ईस्टरला भजन ऐन रंगात आलेलं असताना लुट्रेल गायकवृंदातून खाली उतरला, बाकांमधून चालत गेला, आणि त्याने थर्मनचे दोन्ही हात धरून त्याच्याच मांडीवर ठेवले. वर म्हणाला, 'जावईबापू, हे इथेच असू द्या.' सगळं चर्च हसलं. पाद्रीबुवासुद्धा. अर्नेस्टीन हसली नाही. घरी आल्यावर तिने टोपीही न काढता सांगितलं, 'लग्नात बाबांच्या जागी तू मला वेदीपर्यंत घेऊन चालणार होतास ना? आता नको. मी एकटी चालेन.' हा म्हणाला, 'चाल की. फक्त त्याच्या तालावर चालू नकोस, पडशील.' हे त्यांचं शेवटचं बोलणं. लग्न नोव्हेंबरात. अमोसने जाताना तिचा हात लुट्रेलच्या हातात दिला होता, माझ्या डोळ्यांसमोर. त्यानेच तिला घेऊन चालावं, मला दुसरं काही नको होतं, ताई. गाणी चालोत न चालोत.

सप्टेंबरात अल्बम आला. वर फोटो: चौघं एकमेकांच्या गळ्यात हात घालून हसतायत. (तोही एकेकट्याचा काढून चिकटवलेला. अर्नेस्टीनच्या खांद्यावर जो हात आहे त्यात अंगठी आहे. आमच्यात कुणीच अंगठी घालत नाही. मी चौकशी चालू ठेवली आहे.) मी मनाशी ठरवूनच बसले होते की गाणं खोटं निघणार. इतके महिने न बोललेली भावंडं. सुरात कुठेतरी भेग दिसेलच. सुई टेकवली. आणि ती इतकी सुंदर गायली आहेत की मला भीती वाटली. ती विचारते, तो उत्तर देतो. तो थकतो, ती उचलून घेते. वाटावं, दोघं एका पांघरुणात वाढली आहेत. (वाढलीच आहेत. पण तो मुद्दा नाही.) मग अमोस जन्मभर सांगत होता ते काय होतं? त्या दिवशी मी त्याच्या फोटोकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात दुसरं गाणं लागलं आणि जेवायला बसलेला लुट्रेल ताटावरून उठला. 'ही टाळी कुणाची?' एकवर. तीनवर. मऊ, दबकी, पण ठाम. जूनाच्या पोटात काही राहत नाही, तिने सांगून टाकलं. थर्मन दर गुरुवारी अर्नेस्टीनला सोडायला यायचा आणि बाहेर बाकावर बसायचा. प्रेसकॉटना टाळ्या हव्या होत्या, आमच्यातलं दुसरं कुणी तिथे नव्हतं, त्यांनी यालाच आत घेतलं. हा नुकताच एका दफनाहून आलेला. हातातले पांढरे हातमोजे काढायचं त्याला सुचलं नाही. प्रेसकॉट म्हणाले, असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. (ते खरंच असणार.) सबंध अल्बमभर थर्मन आहे, ताई. आणि तेच गाणं आता सगळ्या शिकागोत वाजतंय. आमच्या नाक्यावरची पोरं एकवर आणि तीनवर टाळ्या पिटतात. लुट्रेलने ताट तसंच टाकलं. पोर्क चॉप होते.

शनिवारी दुपारी थिएटरात कार्यक्रम. तिथे उत्तरं नंतर भरायची सोय नाही. पडद्यामागे मी अमोसच्या नियमाचा विषय काढला. लुट्रेल म्हणाला, 'आई, रेकॉर्डला लागला का तुझा नियम?' पडदा उघडला. दोघं दोन टोकांना, मध्ये धाकटे कुंपणासारखे. ते गाणं सुरू झालं आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. हजारभर आपली माणसं, आणि टाळ्या एकवर आणि तीनवर. पहिल्या रांगेत थर्मन तेवढा बसलेला, हात मांडीवर. ईस्टरपासून त्याने चारचौघांत टाळी वाजवलेलीच नाही. (हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.)

लुट्रेलने सवयीने दोनवर टाळी दिली. एकट्याने. लोक बघायला लागले. तो सावरून तीनवर मारायला गेला, ती साडेतीनवर पडली. मग कुठेच पडेना. पोटात असतानासुद्धा तालात लाथा मारणारा माझा लुट्रेल हात हवेत धरून उभा राहिला. गाणं अर्नेस्टीनवर आलं. ती गायली नाही. ती रंगमंच ओलांडून त्याच्याकडे गेली, तिने त्याचे दोन्ही हात धरून खाली केले, आणि मायक्रोफोनमध्ये म्हणाली, 'दादा, हे इथेच असू दे.' धाकटे खो खो हसत सुटले. मग थिएटर. मग लुट्रेल. तो इतका हसला की त्याला गाता येईना, त्याची ओळ तिने उचलली. शेवटी त्याने पहिल्या रांगेकडे पाहून हाक मारली, 'जावईबापू, वर या हो. हा ताल मला झेपत नाही.'

त्यानंतर चौघं जे गायली ते रेकॉर्डवर नाही. रेकॉर्ड जास्त सुंदर आहे. इथे शब्द चुकले, आवाज फाटले, हार्वेल रडत होता की हसत होता कळत नव्हतं. पण घरी आल्यावर मी अमोसच्या फोटोकडे पाहिलं.

लग्नात तिला लुट्रेलच घेऊन चालणार आहे. तालाचं तो बघेल म्हणतो. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझी धाकटी,
ओडेसा

ता. क. तू लग्नाला यायचंच आहेस, आणि रविवारपर्यंत राहायचं आहेस. खरं तर एवढं लिहिलं ते यासाठीच. रंगमंचावर जाऊन आल्यापासून थर्मन धीट झाला आहे. आता चर्चमध्येही वाजवतो, जोरात. लग्नानंतरच्या रविवारी तू त्याच्या शेजारी बस आणि त्याचे हात मायेने आपल्या हातांत घे. तुझे हात मोठे आहेत. भजन संपेपर्यंत सोडू नकोस. लुट्रेल पुन्हा खाली उतरला तर मी जगणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र तुमच्या पाद्रीबुवांच्या हाती लागू देऊ नकोस. आज सकाळी भांडी घासताना मी ते गाणं गुणगुणत होते आणि माझी टाळी एकवर पडली. हातात रबरी हातमोजे होते. आवाज खरंच छान येतो, ताई.