पाठमोरा देवचंद

धरणगाव,
१२ डिसेंबर १९८९

मित्र देवचंद यास यादवचा सप्रेम जयभीम.

तुझी कंबर कशी आहे? (गोदीत पोती वाहणाऱ्याला हे विचारू नये म्हणतात, पण मग विचारू तरी काय?) माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त ती बघायला इथे कोणी नाही.

तुझ्या वशिल्याने गोदीत शिरून मी बोटींचे आणि तुम्हा कामगारांचे फोटो काढले होते ना, ते मोठे करून स्टुडिओच्या भिंतीवर लावले. वाटलं, ज्यांनी समुद्र पाहिला नाही ते तरी रांग लावतील. सावद्याचा एक केळीवाला आला, सर्वांत मोठ्या बोटीत किती वॅगन केळी मावतील याचा विचार करत बसला आणि ज्यासाठी आला होता तो पासपोर्ट फोटो न काढताच निघून गेला. एका नवरदेवाने बोटीच्या फोटोपुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला, हात खिशात, जणू बोट हुंड्यातच मिळाली! बाकी दिवसभर मी आणि बोटी. हल्ली मी त्यांच्याशी बोलतोसुद्धा. (हसू नकोस. त्या उलट उत्तर देत नाहीत.)

मग एका बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या पार्वताबाई आल्या. त्यांचा मुलगा झिपरू काही वर्षांपूर्वी गोदीत कामाला जातो म्हणून मुंबईला गेला, तेव्हापासून पत्र नाही की निरोप नाही. म्हातारीने एकेक फोटो नाक लावून पाहिला आणि धक्क्यावरून पोतं घेऊन चाललेल्या एका पाठमोऱ्या माणसापाशी थांबली. म्हणाली, "हाऊ मना झिपरू शे." अरे, तो तू! मी सांगणारच होतो, पण तिने पदराने काच पुसली आणि ते राहूनच गेलं. आता दर बाजाराला येते. मी स्टूल पुढे करतो. ती तुझ्या पाठीला शेळी व्याल्याचं, पत्रा उडाल्याचं सगळं सांगते आणि उठताना मला विचारते, "जेवना का रे यादव?" आई गेल्यापासून हे मला कोणी विचारलेलं नाही. मी तर बाजाराच्या आदल्या दिवशीच दुकान झाडून ठेवतो.

मागच्या बाजाराला मात्र ती रडायलाच लागली, "किती वाळी गया पोऱ्या!" फोटो तोच आहे रे, पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

घरच्यांना जयभीम सांग. पत्र लांबलं, कारण आज गिऱ्हाईक नव्हतं.

तुझा,
यादव

ता. क. : खरं काम हे की तुझा एक नवा फोटो काढून पाठव, पाठमोराच. आत दोन बनियन घाल, वर स्वेटर चढव आणि अंग भरल्यासारखा दिस. (मुंबईत घाम येईल, सोस.) तोंड मुळीच वळवू नकोस.

ता. क. २ : खऱ्या झिपरूचीही मनापासून चौकशी कर. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे.

ता. क. ३ : तो सापडला तर आधी मला कळव. मी तिला सांगेनच, आईशपथ. फक्त मध्ये एक बाजार जाऊ दे. एकदा कळलं की ती इकडे कशाला येईल?