मधल्या इंजिनाची पाळी

३ नोव्हेंबर

आज गस्तीच्या बोटीवर रुजू झालो. इंजिन-मेकॅनिक म्हणून समुद्रावरची ही माझी पहिलीच नेमणूक. खोटं कशाला बोलू, छाती फुगली आहे. बोट जुनी, पण अंगाने सडपातळ. पाठलागासाठी बांधलेली, राहण्यासाठी नव्हे. यंत्रं, टाक्या आणि तोफ बसवून झाल्यावर जी जागा उरली ती माणसांची. जेवताना माझं कोपर शेजाऱ्याच्या ताटात जातं आणि त्याचं माझ्या बरगडीत. मुख्य इंजिनिअरला सगळे अण्णा म्हणतात. वर्षानुवर्षं झोप न झालेल्या माणसासारखे दिसतात, पण त्यांनी मला सगळी बोट हौसेने फिरवून दाखवली.

घरी फोन केला. ही एक फेरी झाली की बंदरावरच्या वर्कशॉपात बदली, मग रोज संध्याकाळी घरी. लेक पाच महिन्यांची आहे, तिला अजून माझी नीट ओळखही नाही. बायको म्हणाली, "लवकर या. नाहीतर ती तुम्हाला पाहुणाच समजेल."

६ नोव्हेंबर

दोन इंजिनं, डावं आणि उजवं. बोट बांधली तेव्हा तीन होती. मधलं फक्त पाठलागात लावायचं. ते भसाभसा डिझेल प्यायचं, म्हणून काढून टाकलं. त्याची खोली तशीच आहे, बुटक्या दाराआड. आत जमिनीतले जाड बोल्ट तेवढे उरलेत.

इथे पाळी बदलायची रीत मजेशीर आहे. आवाजामुळे बोलायची सोय नाही, सगळ्यांच्या कानांवर जाड पट्टे. नवा माणूस येऊन इंजिनाच्या मापकांच्या काट्यांसमोर उभा राहतो. सुटणारा मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. नव्याने मान हलवली की पाळी त्याची. मान हलेपर्यंत सुटणाऱ्याने जागा सोडायची नाही. जीव गेला तरी नाही, असं अण्णा म्हणतात.

झोप तुकड्यातुकड्यांनी मिळते. बिछाने कमी, त्यामुळे दोघांत एक. माझा जोडीदार नुकताच उठलेला असणार, कारण मी आडवा होतो तेव्हा गादी गरम असते. अजून त्याची गाठ पडलेली नाही, पण थंडीत त्याचे उपकारच वाटतात.

९ नोव्हेंबर

समुद्र खवळलाय. ही बोट हलकी, लाट कापायचं सोडून लाटेवर आदळते. अंग आंबून गेलंय. जेवताना हात तोंडाशी न्यायचाही कंटाळा येतो.

आज अण्णांना विचारलं की माझा जोडीदार आहे तरी कोण. त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, तुला जोडीदार नाही. तो बिछाना मधल्या इंजिनावरच्या माणसाचा होता. एका पाठलागात तो खाली पाळीवर होता आणि त्याला सोडवायला जायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. आठवण झाली तेव्हा खोली रिकामी. समुद्रात पडला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

नव्या माणसाची गंमत करतायत म्हणून मी हसलो. कुणीच हसलं नाही. गादी आजही गरम होती.

११ नोव्हेंबर

मधल्या खोलीत इंजिन चालतंय. कानांवर पट्टा असला तरी तळपायांना कळतं. दार उघडून पाहिलं — नुसते बोल्ट. हात लावला तर तापलेले.

अण्णांना सांगितलं. त्यांनी माझा दंड धरला. मग म्हणाले, "आत जाऊ नकोस. आणि गेलासच, तर मान हलवू नकोस."

मला भीती वाटते. त्याहून जास्त झोप येते, हे त्यातलं वाईट.

१२ नोव्हेंबर

बिछान्यावर जात नाही. भिंतीला टेकून बसतो. डोळा लागला की खांदा जड होतो. दचकून उठतो — मागे भिंतच.

लवकरच बोट धक्क्याला लागेल. तोवर तग धरायला हवा. घरी जाऊन लेकीशेजारी झोपेन. बास, एवढंच हवंय.

१३ नोव्हेंबर

घात झाला.

दुपारच्या पाळीला उतरलो. डोळ्यांवर झापड. आवाजाच्या रोखाने चालत गेलो, काट्यांसमोर उभा राहिलो. खांद्यावर हात आला. सवयीने मान हलवली —

समोर काटे नव्हते. कोरी भिंत, पायांशी बोल्ट. आणि मागे शिडीवरून कुणीतरी वर चाललं होतं. सावकाश, फार दमल्यासारखं.

तारीख माहीत नाही

दाराबाहेर पाऊल पडत नाही. अण्णा माझ्या नावाने हाका मारत समोरून गेले. मी ओ देत होतो. ओरडलो. त्यांनी दारात वाकून आत पाहिलं, माझ्या आरपार —

इंजिन चालू आहे. बसता येत नाही. झोपता येत नाही —

परत

बोट धक्क्याला लागली. बाकीची दोन्ही इंजिनं बंद झाली. माझं चालूच.

शिडीवर पावलं. अण्णा, आणि मागे बायको. लेक तिच्या एका खांद्यावर झोपलेली. अण्णा सांगतायत, समुद्र पालथा घातला, कानांचा पट्टा तेवढा या खोलीत मिळाला. पाय नका ठेवू म्हणतायत. ती ऐकत नाही. वाकून आत आली — माझ्याकडे पाठ —

हाताच्या अंतरावर आहे. दुसरा खांदा मोकळा. एकदा हात टेकवला आणि तिची मान हलली की मी सुटलो — किती दमलोय मी —

नाही. हात काखेत दाबून धरलाय.

अण्णा काही विचारतायत. ती रडतेय, प्रत्येक शब्दाला मान हलवतेय — हलवू नकोस गं — अण्णा, न्या तिला बाहेर, न्या —

लेक जागी झाली. तिला मी दिसतोय. हसली — इवलासा हात पुढे केलाय — माझा काखेतून सुटला, आवरत नाही, तिच्या आईची मान अजून हल