राजकन्येचा झगा जाळण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय त्रेसष्ट पूर्ण, धंदा राजकन्या (आता निवृत्त), असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेबांनी सांगितले. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. किळस मात्र आलेली आहे, आणि तेच या लिहिण्याचे कारण आहे. याआधी मी असा कागद कधी केलेला नाही.

कलम १. झगा. आकाशी रंगाचा, घेरात पोलादी कड्या, पाठीला सतरा हुक. मुलांच्या वाढदिवसांना राजकन्या म्हणून जाताना एकवीस वर्षे मी हा घातला. तो कोणाला देऊ नये, विकू नये, नाटकवाल्यांना तर मुळीच देऊ नये. तो जाळावा. जाळताना धूर अंगावर येणार नाही असे उभे राहावे, कारण त्यात एकवीस वर्षांचा घाम, केकवरचे क्रीम आणि परक्या पोरांचा शेंबूड आहे. लोकांना वाटते, काय मजेचे काम! राजकन्या मोरीत, धुण्याच्या बादलीशेजारी कपडे बदलते. टोपाखाली तिचे डोके शिजते. चमकी चार-चार दिवस कानातून निघत नाही. वाढदिवस असलेल्या मुलीचा बाप फोटोसाठी तिच्या कमरेला हात घालतो, आणि त्याची बायको कॅमेरा धरून म्हणते, "अजून थोडं जवळ या ना." शी! लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

धंद्याचे नियम तीन. राजकन्या पार्टीत खात नाही, राजकन्या घाम पुसत नाही, राजकन्या आपले खरे नाव सांगत नाही. पहिले दोन मी मोरीत पुष्कळदा मोडले. तिसरा कधीच मोडला नाही.

कलम २. सोनेरी केसांचा टोप, मला वाढदिवसांची कामे देणाऱ्या पार्टीवाल्याला द्यावा. मी पंचेचाळीस वर्षांची झाले तेव्हा हा गृहस्थ म्हणाला होता, "ताई, आता तुम्ही सावत्र आईचं काम करा." त्याच्या नाकावर टिच्चून मी पुढे बारा वर्षे राजकन्याच राहिले. टोप न धुता द्यावा.

रंगांची पेटी, ब्रश आणि मोठा आरसा विदूषकाला द्यावा. ज्या घरांत मोरीला कडी नसे, तिथे बाहेर पाठ करून दार धरून उभा राहणारा तो एकटाच पुरुष मला या धंद्यात भेटला.

कलम ३. मला एक धाकटी बहीण आहे. हे वाक्य कायद्याच्या कागदावर लिहून बरे वाटले, कारण तिच्या सासरी तिला मोठी बहीण नाही. तिला स्थळ चालून आले तेव्हा मी नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडत होते. माणसे बडी होती, नाटकातली मेहुणी त्यांना चालली नसती. धाकटीने सांगून टाकले, "मी एकुलती एक." आईने ते ऐकले आणि मान खाली घातली. मग धाकटी माझी समजूत काढायला आली.

"थोडे दिवस गं. त्या घरात एकदा रुळले की मी सगळं सांगते."

त्या थोड्या दिवसांना आता तेहतीस वर्षे झाली. तिच्या लग्नाला मी गेले, पण नवरीला सजवणारी बाई म्हणून. तिचे केस बांधून झाल्यावर तिच्या सासूबाईंनी माझ्या हातावर पाकीट ठेवले. ते मी आजवर उघडलेले नाही. कपाटात उजवीकडे आहे. धाकटीला माझ्याकडून एवढेच द्यावे.

पुढे भाची झाली. चौथ्या वाढदिवसाला तिने राजकन्या हवी म्हणून हट्ट धरला, आणि धाकटीचा फोन आला. "तूच ये की. राजकन्या म्हणून गं, दुसरं काही नाही. तुलाही तिला बघायला मिळेल." मी हो म्हटले. कोणी जबरदस्ती केली नव्हती, त्यामुळे इथून पुढची चूक धाकटीची जेवढी तेवढीच माझी. सात वाढदिवस मी गेले. ही एवढीच पोर होती जिचे चिकट हात मला कधी नको झाले नाहीत. सहा वर्षांची असताना ती माझ्या मांडीवर बसून म्हणाली, "आत्या बाबांची बहीण लागते. तू माझी कोण लागतेस?" धाकटी दारात उभी होती. मी म्हटले, "राजकन्या कोणाचीच कोणी लागत नसते." धाकटीने सोडलेला श्वास मला खोलीच्या या टोकाला ऐकू आला. त्या क्षणी मला तिची जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

कलम ४. हे कलम घालायची गरज नाही असे वकीलसाहेब म्हणाले. मला आहे.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. जुन्या फोटोच्या मागे माझ्या धंद्याचा शिक्का होता, त्यावरचा नंबर तिने फिरवला होता.

"लहानपणी तुम्ही माझ्या वाढदिवसाला यायचात. आता माझ्या मुलीला चार पूर्ण होताहेत. याल?"

मी म्हटले, "बाळ, झगा आता कोपरापर्यंतसुद्धा चढत नाही."

"मग झग्याशिवाय या. मला तुम्ही हव्या आहात."

मी गेल्या रविवारी गेले. धुतलेले कपडे, केस पांढरे, तोंडाला काही न लावता. जिना चढताना ठरवले होते, दार उघडले की भाचीला खरे सांगायचे. दार धाकटीने उघडले. तिच्या तोंडचे पाणी पळाले. आतून भाचीचा आवाज आला, "आई, कोण आलंय?"

"केकवाल्याकडच्या बाई आहेत," धाकटी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "स्वयंपाकघर तिकडे आहे."

आणि मी काय म्हणावे? मी म्हटले, "बरं, ताई."

सहा वर्षांनी लहान बहिणीला मी ताई म्हटले. जिला चालायला मी शिकवले, तिला. तोंडावर रंग नाही, अंगावर झगा नाही, तरी दिलेले काम मी मुकाट्याने केले. परक्या बापांचे हात, मोऱ्या, चमकी, सगळे एका पारड्यात घाला. माझ्या त्या दोन शब्दांइतके ओंगळ त्यात काही नाही.

मी केक कापून दिला. थोड्या वेळाने भाची प्लेटा घ्यायला आत आली. तिचे डोळे भरले होते. कोणाशी तरी बोलावे तशी माझ्याशी बोलली. "एक बाई येणार होत्या हो. आल्याच नाहीत. पोरगी सकाळपासून दाराकडे बघतेय." मग नाक ओढून म्हणाली, "पोरगीच काय, मीसुद्धा."

मी तिच्या हातात प्लेटा दिल्या आणि मागच्या जिन्याने घरी आले.

कलम ५. माझी दोन खोल्यांची जागा, बँकेतली शिल्लक, शिवणयंत्र आणि उरलेसुरले सगळे माझ्या भाचीला मिळावे. अट काही नाही. ही बाई आमची कोणी नव्हे असे धाकटीने म्हटल्यास कपाटाचे दार उघडावे. आतल्या बाजूला आम्हा दोघींचा लहानपणचा फोटो चिकटवला आहे. नाक एकच आहे, कोर्टाने बघून घ्यावे.

कलम ६. मी मेल्यावर हा कागद धाकटीच्या दिवाणखान्यात, तिच्यासमोर, मोठ्याने वाचावा असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. मेल्यावर खरे बोलायला काय जाते? शिवाय तोवर ती पोर समजत राहील की राजकन्येने तिला फसवले. म्हणून सह्या होताच याची एक प्रत आजच भाचीच्या हातात द्यावी. धाकटीचे घर मोडावे अशी माझी इच्छा नाही. पण ते टिकावे म्हणून मी आणखी एकदाही केकवाली होणार नाही.

भाची, राजकन्या आली होती. प्लेटा तिनेच दिल्या.

ठिकाण: माझी खिडकीजवळची खोली. वार: गुरुवार, वाढदिवसानंतरचा चौथा दिवस, तारखेचे आकडे वकीलसाहेबांनी वर घातले आहेत.

साक्षीदार पहिल्या: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर. बाई शुद्धीत होत्या. चिडलेल्याही होत्या.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. सदर झग्याला एकवीस वर्षे इस्त्री मी केली, जाळायलाही मीच येईन. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हे मला सांगितले आहे. बाईंनी आमच्या देखत सही केली. आधी नाव लिहिले, मग त्याखाली "मावशी" असे लिहिले. ते कायद्याने लागत नाही असे वकील म्हणाले, पण बाईंनी खोडू दिले नाही. प्रत घेऊन मी आत्ताच निघालो आहे.