चांदीच्या धावा आणि बांगडीची निशाणी

श्री अंबादेवी प्रसन्न.

मी पार्बताबाई, जानराव पाटलाची लेक, वय बेचाळीस, राहणार अमरावती, हा मजकूर कोणाच्या दाबाखाली नव्हे, मोठ्या आनंदाने लिहीत आहे. वैद्य म्हणतात, संक्रांतीचा तीळगूळ माझ्या नशिबी नाही. पाय सुजले आहेत, दम लागतो. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि हात तर त्याहून. कागदावर जागोजागी शाईचे डाग दिसतील. ती खाडाखोड समजू नये. हसू आवरत नाही, आणि हसले की खोकला येतो.

कलम पहिले. देवळामागचे दोन खणांचे घर मला बापाने दिलेले आहे. त्यात नवऱ्याची एक वीटही नाही. ते माझी लेक जमुना हिला. तिचे लग्न वैशाखात ठरले आहे. पंगती दोनच घालाव्यात. तिसऱ्या पंगतीला जे येतात ते लग्नाला आलेले नसतात.

कलम दुसरे. ज्वारीच्या कोठीच्या तळाशी एकशे नव्वद रुपये आहेत. पाच रुपये देवीच्या नंदादीपाला. तेल जमुनेने स्वतः नेऊन घालावे, पुजाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत. गेल्या साली देवीचा दिवा मिणमिणत होता आणि पुजाऱ्याच्या वांग्यावर तवंग होता. बाकीचे जमुनेचे.

कलम तिसरे. माझा पूर्वीचा नवरा खुशालराव याच्याविषयी. कापसाचा भाव चढला तसा तोही चढला. सगळ्या रानात कापूस लावीन म्हणाला. मी म्हटले, दोन तुकडे तरी ज्वारी पेरा.

"ज्वारी गरिबाच्या घरी शिजते," म्हणे. "आपन आता सोनं वेचू."

"अन् पोरीले काय सरकी चारशीन?"

त्या एका वाक्यावर शके १७८५ मध्ये जातीच्या पंचांपुढे काडी मोडून आमची फारकत झाली. पोर माझ्याकडे राहिली, तो अकोल्यास गेला. फारकतीचा कागद झाला नाही; आमच्यात काडी मोडली म्हणजे झाले.

पुढल्या साली त्याने गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, म्हणजे बाहेरच्या पट्ट्या, काढून चांदीच्या बसवल्या. मी स्वतः पाहिले आहे. बैल लाजत होते. चांदी मऊ, रस्ता खडकाळ. अकोल्याहून अमरावतीस येईतो धाव झिजून पत्रावळीएवढी पातळ झाली, आणि मागून लोक धूळ चाळीत आले. मग समुद्रापलीकडची कुठली लढाई सरली आणि कापूसही मातीमोल झाला.

कलम चौथे, ज्यासाठी हा कागद. यंदा दिवाळी सरली आणि उत्तमराव सावकार माझ्या दारात.

"बाई, मुद्दल सव्वातीनशे, व्याजासकट चारशे ऐंशी. नाही तं घर."

"माह्यं कर्ज? म्या कवा घेतलं?"

"खुशालरावासंगं तुमीच आल्या होत्या नं, तोंडावर पदर घेऊन. चांदीसाठी. हे पाहा तुमची निशाणी."

पाहिली. कागद शके १७८६ चा, म्हणजे फारकतीनंतर वर्षाने. ज्याला लिहिता येत नाही तो आपली खूण काढतो: कुणबी नांगर, लोहार घण, बाईमाणूस बांगडी. खाली एक गोल आणि अक्षरे: निशाणी बांगडी, पार्बताबाई. पदराआड कोण होती देव जाणे. जी होती तिने माझ्या नावाने उभे राहताना पाठ तरी ताठ ठेवली असेल, अशी आशा आहे.

मला हसू फुटले.

"काहून हासून राहिल्या, बाई?"

"बांगडी लय सुबक काढली म्हनून."

माझ्या बापाला एकदा वाचता न आल्याने कागदावर फसवले होते. म्हणून त्याने मला चुलीच्या राखेत बोटाने मोडी गिरवायला लावले. नवव्या वर्षापासून मी हिशोब लिहिते. खुशालरावाने हे संसारभर लपवले. म्हणायचा, "बायको लिहिते म्हनलं तं लोक मले काय म्हनतीन?" माझे हिशोब स्वतःचे म्हणून दाखवी. स्वतःच्याच थापेत इतका मुरला की माझ्या नावाने खोटे करायची वेळ आली तेव्हाही त्याला बांगडीच सुचली!

मी सावकाराला तेव्हा काही सांगितले नाही. सांगते तर आठ दिवसांत तोच कागद सहीसकट नवा झाला असता. तरी हे मरणाच्या दारातून लिहिते: ते कर्ज माझे नाही, माझ्या लेकीचे नाही, या घराचे नाही.

कलम पाचवे. सहदेव लोहाराने काढलेल्या त्या जुन्या लोखंडी धावा मी बारा आण्यांत घेऊन ठेवल्या. दर दसऱ्याला तेल लावले. त्या खुशालरावाला. गाडी विकली नसेल तर बसवाव्या आणि ज्वारी वाहावी. माझा राग संपला. बारा आणे माफ.

कलम सहावे. उत्तमराव सावकारांना माझा नवा खराटा. त्यांची चांदी अकोल्याच्या रस्त्यावर आहे. झाडावी.

कलम सातवे. साक्षीसाठी उत्तमरावांनाच बोलावले आहे. निरोप धाडला की, मृत्युपत्रात तुमच्या नावाचे कलम आहे, पण बाईने शुद्धीत स्वहस्ते सही केली अशी पक्की साक्ष हवी, नाही तर उद्या कोणी कागद खोटा म्हणेल. निरोपात एक अक्षर खोटे नाही. मजकूर साक्षीदारांस दाखवू नये; सहीपुरती जागा सोडून वरचा भाग झाकून ठेवावा. जमुने, त्यांची साक्ष झाली की आधी कागद घडी करून सहदेवकाकांकडे दे, मग गूळपाणी विचार. खराटा दाराआड आहे.

मुक्काम अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, शके १७८८, क्षयनाम संवत्सर.

सही: पार्बताबाई जानराव, दस्तुर खुद्द.

साक्ष: सहदेव लोहार, निशाणी घण.

साक्ष: उत्तमराव सावकार. सदर बाईने पूर्ण शुद्धीत, आमचे डोळ्यांदेखत, कोणाचा हात न धरता, लहानपणापासून लिहीत आल्यासारखे झरझर आपले नाव लिहिले. यात तिळमात्र संशय नाही. हे खरे.