लॅपटॉपचे झाकण श्रोत्यांकडे

४ फेब्रुवारी
आज अकोल्याहून लॅपटॉप आणला. किंमत येथे लिहीत नाही. किंमत विचारणाऱ्यांसाठी ही वस्तू बनलेलीच नाही. एवढेच नमूद करतो की दुकानातील इतर सर्व लॅपटॉप एका फळीवर दाटीवाटीने उभे होते आणि हा स्वतंत्र टेबलावर, स्वतंत्र दिव्याखाली. मी अर्थशास्त्राचा विभागप्रमुख आहे. जाहिरातीला भुलणाऱ्यांतला नाही. मी दिव्याकडे पाहिले नाही. धातू पाहिला. झाकणाच्या मध्यभागी ब्रँडचे चिन्ह: लहान, चकचकीत, मितभाषी.

शैक्षणिक संस्थेच्या नावे बिल केल्यास सवलत मिळते, असे विक्रेत्या मुलीने सुचवले. जागरूक ग्राहक सवलत सोडत नाही. बिल ‘विभागप्रमुख, अर्थशास्त्र विभाग’ या नावे करून घेतले. विभागप्रमुख म्हणजे मीच. सबब व्यवहार सर्वथा शुद्ध.

प्रयोजन: आमचे प्राचार्य ३१ मार्चला निवृत्त होत आहेत. प्रभारी प्राचार्य कोण, हे संस्थेचे अध्यक्ष माणिकराव ठरवतील. नावे दोनच. मी, आणि वनस्पतिशास्त्राच्या डॉ. समता इंगळे. बाई हुशार आहेत, हे मान्य करण्याइतका मी उदार आहे. परंतु त्यांचा लॅपटॉप मी पाहिला आहे. काळा. जाड. एक बिजागरी चिकटपट्टीने बांधलेली. अशा हातांत संस्था कशी सोपवावी?

भाकीत करून ठेवतो: १ एप्रिलला हा लॅपटॉप प्राचार्यांच्या टेबलावर असेल.

पासवर्ड ठेवला. भक्कम, दूरदर्शी. येथेही लिहीत नाही.

५ फेब्रुवारी
शैलजाला लॅपटॉप दाखवला. माझी पत्नी पदवीधर आहे, तरीही तिचा पहिला प्रश्न असा: “एवढ्यात तं गच्चीची गळती बंद झाली असती ना?” खर्च आणि गुंतवणूक यांतील भेद मी सोदाहरण समजावला. शांतपणे ऐकून म्हणाली, “हाव. पन पावसाळ्यात हे डोक्यावर धरता येते का?”

नंतर म्हणाली, शेगावले नेऊन महाराजांच्या पायाशी लावून आनू, मंग वापरा. श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु कुंकवाचा एक कण की-बोर्डात उतरला तर? नकार दिला.

निश्चय: उद्यापासून रोज पहाटे ‘ग्राहकाचे अर्थशास्त्र’ या माझ्या नियोजित ग्रंथाची दोन पाने, थेट लॅपटॉपवर.

९ फेब्रुवारी
ग्रंथारंभ झाला नाही. अडचण तांत्रिक आहे. बोटांना घाम येतो, घामाचे ठसे कळांवर उमटतात, आणि तिरप्या प्रकाशात ते दिसतात. की-बोर्डावर पातळ आवरण घालता येते, पण मग वस्तूचा सडपातळपणा नष्ट होतो. सुवर्णमध्य काढला: मसुदा वहीत करायचा, अंतिम पाठ तेवढा लॅपटॉपवर. वही नवीन आणली.

१४ फेब्रुवारी
श्रेयसचा पुण्याहून फोन. मुलगा संगणक अभियंता आहे, भाषा मात्र शिथिल. म्हणाला, “बाबा, तुम्हाला टायपिंग आणि स्लाइड्स एवढंच करायचंय ना? निम्म्या किमतीत झालं असतं. तुम्ही विमान घेऊन भाजी आणायला चाललात.”

त्यास सुनावले की काम तर समता मॅडमचा जाड लॅपटॉपही करतो. काम हा दर्जाचा निकष नव्हे. त्याने लगेच आईला फोन द्यायला सांगितले. मुद्दा पोहोचला असावा.

वहीत अद्याप काही लिहिलेले नाही. वहीच्या कागदातून शाई झिरपते.

२० फेब्रुवारी
पेनड्राइव्ह बसत नाही. प्रोजेक्टरची केबलही बसत नाही. बाजूला केवळ दोन अरुंद छिद्रे आहेत. प्रथम हा दोष वाटला. विचारांती संयम वाटला. सामान्य लॅपटॉप कोणतीही केबल आत घेतो. हा निवड करतो.

जोडणीसाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. इतर कंपन्यांचा स्वस्त मिळतो, परंतु या धातूला तो शोभणार नाही. मूळ कंपनीचाच मागवला. तीन आठवडे लागतील.

स्टाफरूममध्ये लॅपटॉप टेबलाच्या मध्यभागी, झाकण दाराकडे करून ठेवतो. येणाऱ्याची नजर प्रथम चिन्हावर पडते. इतिहासाच्या रंगरावांनी विचारले, सर, याच्यात वेगळं काय आहे? म्हटले, हे विचारावे लागणे हाच फरक. ते चहा घ्यायला गेले.

सर्वांना आवर्जून सांगतो आहे: स्वतःच्या खिशातून घेतला. महाविद्यालयाचा एक रुपयाही नाही.

३ मार्च
संधी चालून आली. वार्षिक स्टॉक व्हेरिफिकेशन समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे. इतरांना हे काम कटकटीचे वाटते. मला त्यात प्रशासन दिसते, आणि माणिकरावांना ते माझ्यात दिसावे.

गतवर्षीची अवस्था लज्जास्पद. निम्म्या खुर्च्यांवर डेड स्टॉकचा, म्हणजे सामानाच्या रजिस्टरचा, क्रमांकच नाही. ज्यांवर होता तो उडालेला, कारण पेंट स्वस्तातला. आजच परिपत्रक काढले. सार असे: १३ मार्चच्या सायंकाळपर्यंत प्रत्येक विभागातील एकूण एक वस्तूवर ऑइल पेंटने क्रमांक पडलाच पाहिजे. वस्तू आपली असल्याचे कोणी तोंडी सांगितल्यास ते ग्राह्य धरू नये. एकदा क्रमांक पडलेली वस्तू रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे मोडीत निघाल्याशिवाय, आवाराबाहेर जाणार नाही.

पेंटही मीच निवडला. पांढरा, सर्वांत महाग. कमी किमतीत टिकाऊपणा मागणे हा ग्राहकाचा बालिशपणा आहे.

शिपाई शंकररावांना परिपत्रक वाचून दाखवले. म्हणाले, “सर, एकूण एक म्हंजे एकूण एक ना? मांगून मले बोल नाई लावाचा.” म्हटले, माझ्या विभागापासून आरंभ करा, आणि कोणाचीही भीड बाळगू नका.

६ मार्च
वनस्पतिशास्त्र विभागात वाद. समता मॅडमनी घरून आणलेल्या भिंतीवरील घड्याळावर क्रमांक पडला, तोही काचेवर. आता तीन ते पाच या वेळेत काटा दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, “सर, हे घड्याळ माझ्या आईनं दिलेलं आहे. बिल दाखवू का?” बिल माहेरच्या नावाचे निघाले. मी सौम्य, पण ठाम शब्दांत सांगितले: बिलावर ज्याचे नाव, त्याची वस्तू, आणि विभागात सापडली ती महाविद्यालयाची. भावना रजिस्टरला चढत नाहीत.

त्या हसल्या. “बरोबर आहे सर. नियम म्हणजे नियम. लक्षात ठेवते.”

वाद घालण्याची कुवत नसणे, हा प्रशासकातील मोठा दोष आहे.

१० मार्च
निर्णायक वार्ता. १५ मार्च, जागतिक ग्राहक हक्क दिन. महाविद्यालयाच्या सभागृहात माझे व्याख्यान: ‘किंमत, दर्जा आणि ब्रँड: ग्राहक फसतो कोठे?’ अध्यक्षस्थानी स्वतः माणिकराव. मलकापुरातील जिनिंगमालक, कापूस व्यापारी, सारे येणार.

व्यासपीठाची मांडणी मीच आखली. लॅपटॉप टेबलाच्या मध्यभागी. झाकण श्रोत्यांकडे. तीन वेळा अधोरेखित केले.

अ‍ॅडॉप्टर अद्याप आलेला नाही.

१३ मार्च
उद्या धुळवड. आमच्या गल्लीत पाण्याचे फुगे, ऑइलमिश्रित रंग आणि शैलजाचे दोन भाचे, अशी तिहेरी आपत्ती असते. अशा वातावरणात लॅपटॉप घरी ठेवणे म्हणजे अविवेक. दुपारीच विभागातील लोखंडी कपाटात ठेवला, मूळ पिशवीसह, आणि कुलूप स्वतः ओढून पाहिले.

शंकरराव पेंटचा डबा घेऊन फिरत होते. एक किल्ली त्यांच्याजवळ असते, त्यामुळे सुरक्षेचीही चिंता नाही.

१४ मार्च
भाच्यांनी मला रंगवले. शैलजाचा मोबाइल बादलीत पडला. मी मनातल्या मनात कपाटाकडे पाहिले आणि स्मित केले. दूरदृष्टी.

१५ मार्च, रात्री
क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर लिहिता येणार नाही.

अ‍ॅडॉप्टर आला नाही. समता मॅडमनी न मागता आपला लॅपटॉप दिला. चिकटपट्टीसह. त्यात पेनड्राइव्ह गेला, केबल गेली, माझ्या स्लाइड्स पडद्यावर आल्या. तो एका कोपऱ्यात ठेवण्यास सांगितले. माझा लॅपटॉप शंकररावांनी कपाटातून आणून ठरल्याप्रमाणे मध्यभागी मांडला. मी सभागृहात शिरलो तेव्हा तो उघडलेला होता, झाकण श्रोत्यांकडे. मी अर्थातच त्याच्या की-बोर्डाच्या बाजूस बसलो.

व्याख्यान उत्तम. “वस्तूवरील चिन्हाकडे पाहू नका, वस्तूकडे पाहा,” असे म्हणताच पहिल्या तीन रांगा लॅपटॉपकडे पाहू लागल्या. नंतर हसू लागल्या. मला वाटले, उपहास पोहोचला. रंगराव मान तिरपी करून काहीतरी वाचत होते. चिन्हावर वाचण्यासारखे काही नसते, हे तेव्हा ध्यानात यावयास हवे होते.

मग माणिकराव उठले. शब्द जसेच्या तसे देतो. “महिना झाला, सरच्या नव्या लॅपटॉपचं ऐकून राह्यलो. खिशातून घेतला, खिशातून घेतला. मले वाटे, मोठेपना करून राह्यले. पन आज मार्का पाहून समजलं! एवढ्या किमतीची वस्तू या मानसानं कॉलेजले देऊन टाकली, आन् कोनाले बोलला बी नाई! आमच्या जिनिंगमंदी कापसाच्या गाठीवर मारतेत तसा मार्का मारून मोकळा झाला. टाळ्या वाजवा बे!”

टाळ्या वाजल्या. मी उठून, टेबलाला वळसा घालून, झाकण पाहिले.

पांढरा ऑइल पेंट. अक्षरे बोटभर उंच. म. वि. / अर्थ / ८८. मधला ‘अर्थ’ चिन्हावर बरोबर मध्यभागी. शंकररावांचे अक्षर वळणदार आहे, हे नाकारता येत नाही.

सभा उभी होती. मी नमस्कार केला. त्या क्षणी दुसरे काय करता आले असते, याचा विचार संध्याकाळपासून करीत आहे.

१६ मार्च
शंकररावांना खडसावले. ते गोंधळले. “सर, तुमीच तं म्हनले का कोनाची भीड नाई ठेवाची. पिशवीवर रंग फुटे, म्हून मंग आतल्या पत्र्यावर मारला. दोन हात देल्ले.”

पत्रा!

थिनरने पुसून पाहिले. चिन्ह काळवंडले. क्रमांक टिकला. पेंटचा दर्जा खरोखर उच्च आहे. महाग वस्तू आपली किंमत वसूल करून देते, या माझ्या सिद्धांतास याहून सबळ पुरावा मिळणार नाही.

८७ क्रमांक माठाच्या तिवईचा आहे. ८९ कचऱ्याच्या बादलीचा.

१८ मार्च
समितीत विषय ठेवला: अनवधानाने पडलेले क्रमांक रद्द करण्याबाबत. समता मॅडम सदस्य आहेत. म्हणाल्या, “सर, बिल आहे ना? मग काहीच अडचण नाही.” बिल दिले. त्यांनी मोठ्याने वाचले: विभागप्रमुख, अर्थशास्त्र विभाग. मग बिलाची घडी घातली, माझ्यासमोर ठेवली, आणि अतिशय प्रेमाने म्हणाल्या, “बिलावर ज्याचं नाव, त्याची वस्तू. तुम्हीच सांगितलं होतं.” रंगराव म्हणाले, “आन् सर, दान देलेली वस्तू वापस घेतली तं गावात काय म्हंतीन?”

विषय मागे घेतला. अध्यक्षानेच नियम वाकवला तर माणिकराव मला प्राचार्य करतील काय? लॅपटॉपची आहुती पदासाठी. व्यवहार फायद्याचाच.

घरी शैलजाला ही मीमांसा ऐकवली. ती म्हणाली, “मले एकच सांगा. गच्ची कवा?”

२२ मार्च
अ‍ॅडॉप्टर आला. मूळ कंपनीचा. सुंदर आहे. टेबलावर ठेवला आहे.

२९ मार्च
माणिकरावांचा फोन. मी उभा राहून घेतला.

“सर, त्या दिवसापासून तुमच्याबद्दल माह्यं मतच बदललं. तुमी तं साधू मानूस! ज्यानं एवढी वस्तू हसत सोडली, त्याले खुर्चीचा काय मोह? फाइलीच्या कटकटीत तुमाले काऊन टाकावं? ते समता मॅडमले देऊन टाकलं. तुमी आपलं पुस्तक लिवा.”

मी सांगितले की माझ्याही मनात हेच होते.

१ एप्रिल
समता मॅडमनी पदभार स्वीकारला. पुष्पगुच्छ मीच दिला. प्राचार्य कार्यालयातील संगणक जुना झाल्यामुळे म. वि. / अर्थ / ८८ तेथे वर्ग करण्यात आला आहे. मॅडमच्या टेबलाच्या मध्यभागी. झाकण दाराकडे.

४ फेब्रुवारीची नोंद काढून पडताळली. भाकीत अक्षरशः खरे ठरले.

दुपारी शंकरराव बोलवायला आले. लॅपटॉप उघडत नव्हता. मॅडम म्हणाल्या, सर, पासवर्ड तेवढा सांगा. मी म्हटले, मी स्वतः टाकून देतो, लगेच बदलूही. त्या म्हणाल्या, कशाला त्रास, इथं बसून मीच टाकते, तुम्ही बोला. खोलीत रंगराव होते, शंकरराव होते, पेढे घेऊन आलेले माणिकरावही होते.

इंग्रजी अक्षरांत, एकेक करून सांगावा लागला. प्राचार्यमार्तंड. सलग.

कोणी हसले नाही. त्याचा अधिक त्रास झाला. माणिकरावांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. मॅडमनी मात्र मान वर न करता म्हटले, “बदलायची गरज नाही, सर. राहू द्या. लक्षात ठेवायला सोपा आहे.”

त्या अ‍ॅडॉप्टर आहे का विचारत होत्या. उद्या नेऊन देईन. क्रमांक टाकून.

घरी येऊन विचार केला. पासवर्ड कायम आहे. म्हणजे यापुढे रोज सकाळी, या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना कामास आरंभ करण्यापूर्वी मला प्राचार्य म्हणावेच लागेल.

शैलजाला हे सांगितले. ती गच्चीवर डांबर ओतणाऱ्या माणसाशी भाव करीत होती. तिने हाताने थांबण्याची खूण केली.